न फुटलेला नारळ

१

कॉलेजच्या शिपायानं, नत्थूनं, पडदा ओढला आणि विनोदिनी वरघणेच्या हातातला नारळ सुटला. पूजेचा नारळ, शेंडीसकट. तो फळ्यांवरून गडगडत गेला आणि प्रा. शिशिर खोतांच्या डोक्याला, म्हणजे डोकं म्हणून जे काही शिल्लक होतं त्याला, टेकून थांबला.

विनोदिनी ड्रेसवाली. सदर बाजारात दोन सराफांच्या मधे चिमटीत धरल्यासारखं तिचं दुकान. रायपुरातल्या शाळा-कॉलेजांना राजा, राणी आणि राक्षस पंचवीस वर्षं तीच भाड्यानं पुरवत आली होती. नाटकातले खून तिनं ढिगानं पाहिले होते, त्यांचं रक्तही स्वतःच्या हातानं कालवलं होतं. पण हे रक्त दाट होतं, फळ्यांच्या फटींतून खाली टपकत होतं, आणि त्याला वास होता.

सहाशे विद्यार्थ्यांचं ते लहानसं कॉलेज. त्या संध्याकाळी कला महोत्सव, त्यात शिशिरसरांनी बसवलेलं अर्धं मराठी, अर्धं छत्तीसगढी नाटक. अकरा वाजता रंगमंचाची पूजा ठरली होती. सकाळपासून सरांनी लाइट लावायचे म्हणून पडदा बंद करून सगळ्यांना बाहेर काढलं होतं, आणि मैदानात डीजेवाला असा काही दणदणत होता, की आत कोणी तोफ डागली असती तरी कळलं नसतं.

खरं तर नारळ फोडायचा मान अनंतराव मोघ्यांचा. कॉलेजचे जुने हेडक्लार्क, वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं नाटकातला राजा तेच आणि नारळ फोडणारेही तेच. पण आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. "विनू, नागपूरले माहा चुलतभाऊ गेला, मले सुतक आहे. नारळ तूच फोड. मी लांबूनच पाहीन." त्याप्रमाणे ते खाली, भिंतीपाशी, सगळ्यांपासून वेगळे उभे होते. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला लाल बोट, हातात शिसवी काठी. राजा नसले तरी राजासारखे.

प्रेताशेजारी एक लोखंडी दांडा पडला होता. त्याला सोनेरी कागद गुंडाळलेला, वर पितळी गोळा, आणि गोळ्याला केस चिकटलेले. विनोदिनीनं तो ओळखला आणि काही विचार करायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं.

"अगं बाई! हा तर दयारामचा राजदंड!"

सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही म्हणतात. हा तर माइक चालू असताना बोललेला शब्द होता. सबंध हॉलमध्ये तो घुमला, आणि नेमकं त्याच वेळी मेकअपच्या खोलीचं दार उघडून दयाराम झोपाळलेल्या डोळ्यांनी बाहेर आला.

"का होगे?" त्यानं विचारलं. काय झालं, एवढंच. उत्तर म्हणून पहिली खुर्ची त्याच्या तोंडावर आली.

२

दयाराम बीरगांवचा. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव नाचा करायचा, म्हणजे छत्तीसगढी लोकनाट्य. शिशिरसरांनी यंदा राजाची भूमिका अनंतरावांकडून काढून त्याला दिली होती. मिलमधल्या भंगारातल्या सळईचा राजदंड त्यानं हौसेनं स्वतः घडवला होता. रात्रपाळी संपवून तो सकाळी सरळ कॉलेजात आला, नाचाच्या रीतीनं तोंडाला पिवळट पांढरा लेप लावला आणि खुर्चीतच झोपला. हे त्यानं नंतर सांगितलं. त्या क्षणी त्याला कोणी विचारलं नाही.

पन्नास-साठ पोरं तुटून पडली. खुर्च्या, पट्टे, क्रिकेटचे स्टंप, जे हाताला लागेल ते. एकानं त्याचा उजवा हात पायरीवर धरला आणि दुसऱ्यानं त्यावर उडी मारली. हाड मोडल्याचा आवाज विनोदिनीनं ऐकला. ती मधे घुसली, तिच्या पाठीत एक स्टंप बसला, कोणीतरी तिला केसांना धरून मागे ओढलं. "सोडू नका त्याले! गुरूले मारलं त्यानं!" अनंतराव भिंतीपाशी काठी आपटून ओरडत होते, आणि म्हाताऱ्याचा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

सबइन्स्पेक्टर चेतना साहू लाठीवाल्या आठ शिपायांना घेऊन आली तेव्हा दयारामचा एक डोळा बंद झाला होता आणि पांढरा लेप लाल झाला होता. स्ट्रेचरवरून नेताना त्यानं उरलेल्या डोळ्यानं विनोदिनीला शोधलं.

"दीदी, तैं मोर नांव काबर लेय?"

माझं नाव का घेतलंस. वीस वर्षं हा माणूस तिच्याकडून घागरे नेत आला होता, एक टिकलीसुद्धा न हरवता परत देत आला होता. तिला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

चेतना साहू तिच्यापाशी येऊन थांबली. "डॉक्टर बोल रहे हैं बच जाएगा. बचेगा तो तीन सौ दो लगेगा. और आप मेरी पहली गवाह हैं, दीदी."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनानं विनोदिनीला मुद्दाम रंगमंचावर बोलावलं. कोणती वस्तू कोणाची, हे सांगायला ड्रेसवालीपेक्षा चांगलं माणूस कुठलं? विनोदिनी गेली ती मनाशी एक ठरवून. मी त्याला खड्ड्यात ढकललं, मीच बाहेर काढीन.

रंगमंच तसाच होता. मधोमध लाकडी सिंहासन, त्याच्यापुढे वाळलेलं रक्त, रक्तात अजूनही अख्खा नारळ. मागचं दार नुसतं लोटलेलं. चपला काढून ती विंगेतून वर चढली, सवयीनं वाकली, फळीला हात लावणार तोच थबकली. विंगेच्या कडेला, जिथून लोक चढतात-उतरतात, तिथं चार तांबडे ठिपके होते. बोटांचे.

"वो देखा है हमने," चेतना म्हणाली. "भागते समय लड़खड़ाया, हाथ टेका. लकड़ी खुरदुरी है, निशान काम का नहीं."

"हात टेकला असता तर तळवा उमटला असता, मॅडम. अंगठा उमटला असता. तोल जाऊन राहिला त्या माणसाचा, अन् तो नुसती चार बोटं टेकवते का?" विनोदिनी बसली, उठली, पुन्हा वाकली. उजव्या हाताची चार बोटं फळीला लावून तिनं ती कपाळाला लावली. "हे असं आहे. नमस्कार केला त्यानं. माणूस मारला अन् जाता जाता रंगमंचाच्या पाया पडला."

चेतना ठिपक्यांपाशी उकिडवी बसली. "इतना होश था उसको?"

"होश नाई, सवय. आम्हाले शिकवतातच तसं. घराले आग लागली तरी रंगमंचाले हात लावूनच उतराचं. हात आपोआपच जाते. हा बाहेरचा चोर-गुंडा नाई. हा रंगमंचावर वाढलेला माणूस आहे."

आपण मोठा तीर मारला असं तिला क्षणभर वाटलं. चेतनानं डायरी मिटली.

"थँक यू, दीदी. नाचावाला, बीस साल से मंच पर. अब तो वकील भी नहीं बचा पाएगा उसको."

४

विनोदिनीचा पाय खोलातच चालला होता. कपाळ बडवून घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिनं चेतनाच्या मागे भुणभुण लावली. बाकीच्यांना एकदा विचारा तर खरं. चेतना खत्रूड असली तरी न्यायाची होती. मराठी मंडळी या बाईसमोर मोकळी बोलतील हेही तिला कळत होतं. "एक दिन," ती म्हणाली. "शाम को मैं कोर्ट में कागज़ भेज दूँगी."

पहिली मंजिरी. नाटकातली राणी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पोट्टी. परवा तालमीत शिशिरसरांनी तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती, गालावर पाच बोटं उठली होती.

"मंजिरी, तुले राग आला होता ना त्यायचा?"

"आया था, काकू. मारने का मन भी था." पोरगी डोळ्याला डोळा देऊन बोलली. "पर मैं तो नौ बजे से ग्राउंड पे थी, बीस लड़कियाँ थीं साथ में. फिर पूजा का वीडियो बनाने सबसे आगे खड़ी हो गई." आणि मग एकदम रडायला लागली. "दयाराम भैया को सबने मारा, मैं वीडियो ही बनाती रही."

त्यानंतर प्राचार्य श्रीपाद नाफडे. घाबरट गृहस्थ. मागच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून घाम पुसत बसले होते. पाहुण्यांच्या मागे धावण्यात त्यांची सगळी सकाळ गेली होती, आणि चार माणसं तसं सांगायला तयार होती.

"दुसरी किल्ली शिशिरकडे. तिसरी अनंतरावांकडे होती जुनी, पण ती त्यांनी कधीच हरवली म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाईट वाटून राहिलं हो. संध्याकाळी अनंतरावांचा सत्कार करणार होतो, शाल-श्रीफळ देऊन. फक्त मला अन् शिशिरला माहीत. शालीचं पाकीट शिशिरनं आपल्या झोळ्यातच ठेवलं होतं, कोणाला कळू नये म्हणून."

"मलेही नाई सांगितलं?"

"कोणालाच नाही. म्हाताऱ्याला एकदम आनंद द्यायचा होता."

चेतनानं झोळ्याची यादी काढून पाहिली. चष्मा, नाटकाची वही, पानाची पुडी. शाल नव्हती. "कोई उठा ले गया होगा," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

सगळ्यात शेवटी तात्यापारा मोहल्ल्यात, अनंतरावांकडे. सुतकाचा तिसरा दिवस. ते चटईवर बसले होते, कपाळ कोरडं, दाढी वाढलेली. विनोदिनीला पाहून त्यांचे डोळे भरून आले. तिला तेरा वर्षांची असताना त्यांनीच पहिल्यांदा रंगमंचावर चढवलं होतं. सासरी, माहेरी, दुकानात, कुठंही अडलं तर ती त्यांच्या पायाशी येऊन बसायची.

"विनू, मले दुःख नाई का? राजा माह्यापासून काढला, हे खरं. पण राग काहून धरू? शाल पांघरवून मले समोरच्या खुर्चीत बसवणार होता, बसलो असतो मी. पोट्टा गुणी होता." ते चेतनाकडे वळले. "तो दयाराम तापट आहे, मॅडम. त्याले दोन टाळ्या काय भेटल्या, डोस्कंच फिरलं."

बाहेर पडताना विनोदिनीनं लांबूनच नमस्कार केला. सुतकात पाया पडत नाहीत. तिच्या मनात काहीतरी खडा टोचल्यासारखं टोचत होतं, पण बोटात सापडत नव्हतं. तेवढ्यात चेतनाचा फोन वाजला. बीरगांवात दयारामचं घर फोडलं होतं, त्याच्या बायकोच्या डोक्यात वीट घातली होती, आणि दोनशे माणसांचा जमाव हॉस्पिटलच्या फाटकावर चढत होता.

५

हॉस्पिटलपाशी दगड उडत होते. काचा फुटल्या, एका शिपायाच्या भुवईतून रक्ताची धार लागली. चेतनानं फाटकावर चढलेल्या पहिल्या माणसाच्या नडगीवर लाठी घातली, दुसऱ्याच्या मनगटावर घातली, तेव्हा कुठे जमाव हात-दोन हात मागे सरला. "रात को फिर आएँगे!" कोणीतरी ओरडलं, आणि ते नुसतं ओरडणं नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं.

व्हरांड्यात मंजिरी उभी होती. तिनं मोबाइल पुढे केला. "काकू, ये ले लो. जिसने जिसने मारा, सब दिखता है इसमें. मैं कोर्ट में बोलूँगी."

विनोदिनीनं व्हिडिओ पाहिला. पडदा सरकतो, नारळ पडतो, तिचीच किंकाळी. मग दार उघडून दयाराम येतो. तिनं तिथं थांबवलं. केसांपासून हनुवटीपर्यंत लेप अखंड, सुकलेला, कुठं बोट लागलेलं नाही, कुठं पुसलेलं नाही. आणि मारेकऱ्यानं रक्ताची चार बोटं कपाळाला लावली होती.

तिनं व्हिडिओ मागे घेतला आणि एकेक कपाळ पाहत गेली. पोरांची कपाळं कोरडी. नत्थूचं कोरडं. प्राचार्यांचं घामानं चमकणारं, पण कोरडं. असणारच ना! पूजा झालीच कुठं होती? कुंकवाची पुडी तर अजून तिच्या पिशवीत पडली होती, दुकानदारानं मारलेली पिनसुद्धा निघालेली नव्हती.

सबंध गर्दीत फक्त एकच कपाळ लाल होतं. काल तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पूजेचा दिवस म्हणून गंध समजून सोडून दिलं होतं.

"नाई," ती मंजिरीला म्हणाली. "नाई ना हो, देवा." आणि मोबाइल घेऊन फाटकाकडे, चेतनापाशी गेली.

६

तासाभरानं चेतनानं सगळ्यांना रंगमंचावर उभं केलं. प्राचार्य, मंजिरी, नत्थू, अनंतराव. बाहेर अजून उजेड होता.

"शेवटची गोष्ट विचारून राहिली, काका," विनोदिनी म्हणाली. "काल सकाळी तुमच्या कपाळाले लाल काय होतं?"

"गंध. दुसरं काय राहील?"

"सुतकात?"

अनंतरावांनी काठी घट्ट धरली.

"सुतक आहे म्हणून तुमी नारळ मले फोडाले लावला. देवाले हात लावत नव्हते, कोणापाशी उभे राहत नव्हते. असा माणूस कुंकू कसा लावते? घरी पूजा नाई, देवळात जाता येत नाई, अन् इथली पुडी तर ही पाहा, अजून फोडलीच नाई. मारणाऱ्यानं रक्ताचा हात रंगमंचाले लावला अन् तोच कपाळाले लावला. दयारामचा लेप पाहा व्हिडिओत, जसाच्या तसा. तुमी हात धुतले, काका. आरसा पाहिला नाई."

"पागल झाली का तू, विनू?"

"शालीचं कोणं सांगितलं तुमाले?"

"कोणती शाल?"

"तुमीच म्हणाले. शाल पांघरवून खुर्चीत बसवणार होता. हे शिशिरसरांले अन् प्राचार्यांले, दोघांलेच माहीत होतं. म्हणजे तुमाले ते शिशिरसरांनीच सांगितलं, काल सकाळी, पडद्याआड, तुमी त्या हरवलेल्या किल्लीनं मागून आत आले तवा." ती सिंहासनापाशी गेली. "चाळीस वर्षं तुमी या बैठकीखाली पानाचा डबा लपवत होते. बैठक उचलते हे पोलिसांले कसं माहीत राहील?"

तिनं फळी उचलली. आत, पानाच्या डागांवर, नीट चौघडी करून ठेवलेली शाल होती. अबोली रंगाची. वरच्या घडीवर रक्त वाळून काळं पडलं होतं, सदऱ्यावर उडायचं ते शालीनं झेललं होतं.

काठी कधी उठली ते तिला दिसलंच नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानावर, आणि ती सिंहासनावर कोसळली. तिसऱ्यासाठी अनंतरावांनी दोन्ही हातांनी काठी वर नेली होती. चेतनानं त्यांना मागून कवेत धरून खाली पाडलं. गुडघा पाठीत रोवूनही चौऱ्याहत्तर वर्षांचं ते अंग तिला आवरेना.

"त्यानं शाल टाकली माह्या अंगावर!" अनंतराव फळीवर गाल दाबलेला असताना ओरडत होते. "म्हणे आजोबा, तुमचा राजा म्हातारा झाला, आता खाली बसून टाळ्या वाजवा. तो लोखंडी दांडा माह्या हातात दिला अन् हसला. म्हणे उचलून पाहा, पेलते का!" "पेलला मी, विनू. पेलला."

विनोदिनीच्या कानातून रक्त वाहत होतं. "अन् दयाराम? त्याले काहून मारवलं?"

"माह्या सिंहासनावर मिलचा मजूर बसवला होता," ते म्हणाले. यापेक्षा जास्त सांगायची त्यांना गरज वाटली नाही. विनोदिनीला ते माराहून जास्त लागलं, कारण हा माणूस तिला बापाच्या जागी होता आणि त्याच्या पोटात हे आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

बेड्या घालून त्यांना विंगेकडे नेलं. कडेशी पोचल्यावर ते थांबले, वाकले, बांधलेल्या दोन्ही हातांची बोटं त्यांनी फळीला लावली आणि कपाळाला नेली. चेतनानं विनोदिनीकडे पाहिलं. विनोदिनीनं तोंड फिरवलं आणि ती हुंदके देऊन रडली.

७

दोन महिन्यांनी दयाराम कॉलेजात आला. उजवा हात कोपरात वाकडा जुळला होता, मिलनं कामावर घेतलं नव्हतं. प्राचार्यांनी खास बोलावलं होतं. नाटक पुन्हा करू, राजा तूच, म्हणून. विनोदिनी आधीपासून थाळी घेऊन रंगमंचावर उभी होती. नवा नारळ, नवी पुडी. एका कानानं तिला आता ऐकू येत नव्हतं.

"दयाराम, माह्याच तोंडून नाव निघालं. मले माफ कर. ये, नारळ आज तू फोड."

तो पायऱ्या चढून वर आला. काखेतलं गाठोडं त्यानं सिंहासनावर ठेवलं. राजाचा अंगरखा होता, धुऊन, इस्त्री करून, तुटलेली बटणं परत लावून आणलेला.

"तोर सामान, दीदी. गिन ले," तो म्हणाला. मग प्राचार्यांकडे न पाहता पुढे बोलला, "मैं ए मंच मा अब नइ चढ़ंव."

या मंचावर आता पाय ठेवणार नाही, एवढंच सांगून तो निघाला. पायात चपला होत्या, आज त्यानं त्या काढल्याच नव्हत्या. विंगेच्या कडेशी आल्यावर त्याची पावलं जरा थबकली, डावा हात थोडा खाली गेला. विनोदिनी पाहत राहिली. त्यानं तो हात परत वर घेतला, खिशात घातला, आणि न वाकता पायऱ्या उतरून गेला.

नारळ तिच्या हातातच राहिला.